शनिवारची मिंबा

बेनेबा आयुष्यात एकदाच कागदापुढे खरं बोलली, आणि तेच तिच्या मुळावर आलं.

एरवी किल्डरन या उसाच्या मळ्यावरच्या गुलाम बायका बुशाशी खरं बोलत नसत. बुशा म्हणजे मळ्याचा गोरा मुकादम. त्याने तब्येत विचारली तर पोटात दुखतंय म्हणायचं, आणि कुदळ कुठे आहे विचारलं तर मोडली म्हणून सांगायचं. यात काही पाप आहे असं कुणाला वाटत नसे, आणि का वाटावं? ज्यांनी बेनेबाच्या आईला दोन खेचरांच्या बदल्यात पलीकडच्या परगण्यात धाडलं, त्यांच्याशी खरं बोलायला तिचं काय अडलं होतं?

पण पिंडरमास्तर बुशा नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी चॅपलच्या मागे, ताडाच्या झावळ्यांच्या छपराखाली त्यांनी शाळा काढली होती. माणूस सावळा, जन्माने स्वतंत्र, कोपरावर ठिगळं लावलेला काळा कोट घालणारा आणि खरेपणाच्या बाबतीत अगदी किटकिट्या. एखाद्या पोराने खोटं सांगितलं तर ते मारत नसत, नुसते डोळे मिटून बसत. पोरांना त्यापेक्षा छड्या परवडल्या असत्या.

बेनेबा लेकीला घेऊन पहिल्या दिवशी तिथे गेली, तेव्हा मास्तरांनी चॅपलचं मोठं चामडी पुस्तक उघडलं. त्यात बाप्तिस्मे, लग्नं, मयती सगळं होतं, आणि शेवटच्या पानांवर शाळेतल्या पोरांची नावं. त्यांनी विचारलं, मुलीचा जन्म कधीचा? बेनेबा एक क्षण थांबली. मळ्याच्या वहीत काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं. पण हे देवाच्या घरातलं पुस्तक. इथे कसली लबाडी करायची? तिने छातीवर हात ठेवून खरं ते सांगितलं. मळ्याच्या वहीत चार ऑगस्ट आहे, त्याच्या नऊ रात्री आधी, शनिवारी पहाटे.

मास्तरांनी बोटांवर हिशेब करून तारीख लिहिली, सव्वीस जुलै अठराशे अठ्ठावीस. ते म्हणाले, नाव रिबेका ठेवू या, चांगलं आहे. बेनेबा म्हणाली, नको. मिंबाच राहू दे.

आता या नऊ रात्रींचं सांगायला हवं. मळ्यावर तान्ही पोरं जबडा आवळून जायची. आज दूध पिणारं लेकरू उद्या तोंड उघडेना, परवा मातीत. म्हणून नऊ रात्री सरेपर्यंत त्याला कुणी आपलं म्हणत नसे. नाव ठेवायचं नाही, नवं कापड घालायचं नाही, आणि गेलंच तर रडायचंही नाही. पाहुणं आलं होतं, परत गेलं. नऊ रात्री काढल्या की मग सुईण त्याला बाहेर उजेडात आणायची, जन्मवाराचं नाव त्याच्या कानात सांगायची, आणि त्यानंतर मळ्याच्या कारकुनाला कळवायची, की आज एक जन्मलं. कारकूनही आजची तारीख घालून मोकळा. मेलेल्यांसाठी शाई घालवण्यापेक्षा त्यालाही ते सोयीचं होतं.

बेनेबाचं पहिलं पाच दिवसांत गेलं, दुसरं सातव्या दिवशी. दोघांनाही नाव नव्हतं. आजही तिला ती आठवली की हाक कशी मारायची ते कळत नसे. तिसरी ही. दहाव्या दिवशी सकाळी म्हातारी कूबा सुईण हिला दारात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, मिंबा, शनिवारची पोर, ऊठ गं, राहायला आलीस तू. बेनेबा त्या दिवशी इतकी रडली की कूबाने तिला शिव्या घातल्या. ते नाव बदलून रिबेका करायचं? छे.

कारकुनाने वहीत ‘बेनेबाची मुलगी, चार ऑगस्ट, सोमवार’ एवढंच लिहिलं होतं. सहा वर्षं त्या नऊ रात्रींचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. मग अठराशे चौतीसचा एक ऑगस्ट उजाडला, आणि विलायतेच्या राजाने गुलामगिरी उठवली. उठवली कसली, नाव बदललं. गुलामाचा ‘शिकाऊ’ झाला. वीस वर्षं ऊस तोडलेल्या बाईने आणखी सहा वर्षं, फुकट, ऊस तोडायला शिकायचं होतं. सुटली ती फक्त पोरं, ज्यांना त्या दिवशी सहा वर्षं पुरी झाली नव्हती ती. मळ्याच्या वहीप्रमाणे मिंबाला सहा पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. तीन दिवसांच्या फरकाने पोर सुटली! त्या रात्री कूबा आणि बेनेबा एकमेकींच्या गळ्यात पडून तोंडावर हात दाबून हसल्या.

बुशा मात्र चिडला. या स्वतंत्र कारट्यांना मी फुकट का पोसू, म्हणाला. त्यांचा खारवलेला मासा बंद केला. आयांना सांगितलं, पोरांच्या नावे कागदावर फुली मारा, त्यांना मळ्याला बांधून द्या, मग मासा मिळेल, औषध मिळेल. एकाही बाईने फुली मारली नाही. बेनेबाने तर त्या हिवाळ्यात मिंबा तापाने फणफणत असताना डॉक्टरच्या दारातून तिला उचलून परत आणली. फुली मार मग बघतो, असं तो डॉक्टर म्हणाला होता. पोर जगली ती कूबाच्या पाल्यावर आणि आईच्या हट्टावर.

अशी ही मिंबा आठ वर्षांची होऊन शाळेत गेली, आणि दोन महिन्यांत इंग्रजीत स्वतःचं नाव लिहायला शिकली. तेवढंच एक येत होतं तिला, पण काय ऐट! चुलीच्या राखेत नाव, दाराच्या फळीवर कोळशाने नाव, पाण्याच्या तुंब्यावर सुरीच्या टोकाने कोरलेलं नाव. बेनेबाला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण त्या नावात एक खूण दोनदा यायची, शेजारी शेजारी उभे असलेले दोन डोंगर. एकदा सुरुवातीला, एकदा मधे. ते डोंगर दिसले की बेनेबाला कळायचं, ही माझी पोर.

आणि अगदी याच सुखात माशी शिंकली.

मास्तरांना पाट्या हव्या होत्या. एकतीस पोरांत पाट्या चार. विलायतेतली एक धर्मादाय मंडळी पाट्या पाठवायला तयार होती, पण त्यांना यादी हवी होती: मुलाचं नाव, जन्मतारीख, प्रगती, खाली न्यायाधीशाची सही. मास्तरांनी चॅपलच्या पुस्तकावरून सुवाच्य अक्षरात यादी उतरवली आणि अभिमानाने शेवटी लिहिलं, की माझं प्रत्येक मूल स्वतःचं नाव लिहू शकतं. ती यादी न्यायाधीश कॅप्टन थॉर्पसाहेबांकडे गेली. हे साहेब घोड्यावरून मळ्यामळ्यांत फिरून शिकाऊ लोकांचे तंटे सोडवायचे. माणूस वाईट नव्हता, पण रोज कुणा ना कुणा बुशाच्या टेबलावर जेवायचा. किल्डरनच्या बुशाकडे जेवताना यादी टेबलावर राहिली, आणि बुशाने गंमत म्हणून चाळली. सव्वीस जुलैवर त्याचं बोट थांबलं.

मंगळवारी उसाच्या फडात बुशा स्वतः बेनेबाजवळ आला. ओरडला नाही. हसत होता. त्याने सांगितलं, की तुझी पोर त्या दिवशी सहाची झालेली होती, म्हणजे ती स्वतंत्र नाही, म्हणजे दोन वर्षं तिने माझं काम चुकवलंय. शनिवारी थॉर्पसाहेब माझ्या ओसरीवर बसतील. सोमवारपासून पोर गवत कापणाऱ्या पोरांच्या टोळीत, आणि ती शाळाबिळा बंद.

बेनेबाच्या हातातला कोयता तसाच राहिला. गवताच्या टोळीवर कोण चाबूक घेऊन असतो ते तिला सांगायची गरज नव्हती. नवव्या वर्षी ती त्याच टोळीत गेली होती, आणि डाव्या खांद्यावरचा व्रण अजून पावसाळ्यात ठणकायचा.

संध्याकाळी ती कूबाकडे गेली आणि दारातच खाली बसली. काय केलंस तू, कूबा म्हणाली. जन्मभर मी त्यांच्या वहीत खोटं घालून ठेवलं आणि तू देवाच्या पुस्तकात खरं लिहून आलीस. बेनेबाला रडूही येईना. देवाशी खोटं बोलायचं होतं का मी, असं तिने विचारलं. म्हातारी म्हणाली, की खरा घोळ तारखेचा नाहीच. चॅपलच्या तारखेला तू चुकले म्हणशील, बाई माणूस, बाळंतपणात शुद्ध कुठली असते. पण वहीत सोमवार आहे आणि पोरीचं नाव मिंबा आहे. सोमवारच्या पोरीला मिंबा कोण म्हणतं? बुशाला आपली नावं चांगली कळतात, इतकी वर्षं त्याने तीच ओरडून काढली आहेत.

सोमवारची पोर म्हणजे जुबा. बेनेबाला ते ऐकायचं नव्हतं.

पण दुसरा मार्ग नव्हता. बुधवारपासून घरात मिंबा हे नाव बंद झालं. बेनेबाने राख विस्कटली, दाराची फळी वाळूने घासली. तुंबा मात्र घासून काही होईना, कोरलेलं होतं ते. तिने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला. पोरीला दिवसातून वीसदा विचारायचं, तुझं नाव काय? पोर म्हणायची, मिंबा, आणि मग जीभ चावायची. गुरुवारी तिने एक फटका खाल्ला. शुक्रवारी ती बरोबर सांगायला लागली, पण इतक्या बारीक आवाजात, की बेनेबाला वाटलं, तोंडावर हात ठेवावा आणि सांगावं, राहू दे गं.

पोरीने विचारलं, “आई, मिंबा मेली का?”

बेनेबा म्हणाली, “नाही. गप्प बसलीय. तूही गप्प बस.”

शेजारपाजारची पोरं कूबाने एकेक करून गाठली. उद्यापासून हिला जुबाखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली तर कान उपटीन, म्हणाली. मळ्यावरचा सगळा बायकांचा घोळका एका दिवसात जुबा जुबा करायला लागला. खोटं वठवायची सवय होती सगळ्यांना. फक्त मास्तरांना कुणी सांगितलं नाही. बेनेबाची हिंमत झाली नाही. ते डोळे मिटून बसतील याचीच तिला भीती वाटली.

शनिवारी बुशाच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं. थॉर्पसाहेबांचा गाऊटचा पाय स्टुलावर होता. एका बाजूला मळ्याची वही, दुसऱ्या बाजूला चॅपलचं पुस्तक, आणि त्याच्यामागे काळ्या कोटातले पिंडरमास्तर, घामाने डबडबलेले. त्यांच्या यादीने काय होऊन बसलंय ते त्यांना तोवर कळलं होतं. त्यांनी बेनेबाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

बेनेबाच्या हातात चॅपलचं बायबल दिलं. तिने शपथ घेतली, पुस्तकाला ओठ लावले आणि सांगितलं, की पोर सोमवारी झाली, चार तारखेला. चॅपलमध्ये मी शनिवार म्हणाले तो कळांचा पहिला दिवस होता, मला कळलं नाही नीट, म्हणून तिथे नावही शनिवारचंच लागलं. बोलताना तिचा आवाज हलला नाही, पण पुस्तकाचं चामडं ओठांवर खारट लागलं, आणि तिला वाटलं, संपलं, देवाच्या दारात आता मला पुन्हा कुणी घेणार नाही.

बुशा म्हणाला, साहेब, पोरीला मिंबा म्हणतात. शनिवारचं नाव आहे ते.

साहेबांनी पोरीला पुढे बोलावलं आणि नाव विचारलं. ती म्हणाली, जुबा. ओसरीखाली उभ्या असलेल्या बायकांनी माना डोलावल्या, हो हो, जुबाच. साहेबांना हे ऐकून बरं वाटलेलं दिसलं, त्यांना जेवणाची वेळ झाली होती. पण बुशा मोठा वस्ताद. त्याने यादी पुढे सरकवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. मास्तर लिहितात की यांचं प्रत्येक मूल नाव लिहू शकतं. मग लिहू दे की तिला. जीभ शिकवता येते साहेब, दोन दिवसांत हात शिकवता येत नाही.

मास्तरांचीच पाटी होती तिथे, नमुना म्हणून आणलेली. ती पोरीच्या हातात दिली.  तीन दिवस बेनेबाने तोंड शिकवलं होतं, हाताचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला लिहिता येत नव्हतं, मग ती काय शिकवणार? आणि पोरीला दुसरं काही येतच नव्हतं. जगात तिला लिहिता येणारी एकच गोष्ट होती, आणि ती लिहिली की सोमवारी गवताची टोळी.

पोरीने पेन्सिल टेकवली. एक उभी रेघ ओढली, वरून खाली, सरळ, मास्तरांनी शिकवली होती तशी. डोंगराची पहिली बाजू. मग थांबली. तिने आईकडे पाहिलं नाही. पाटीकडेच बघत राहिली, आणि तिचा खालचा ओठ पुढे आला. तापात डॉक्टरच्या दारातून आणली होती तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता.

मग तिने पेन्सिल टेबलावर ठेवली.

“मला नाही येत,” ती म्हणाली. “मी ढ आहे. माझ्या डोक्यात काही राहत नाही.”

बुशा खो खो हसला. दोन महिने शाळेत आणि एक रेघ, म्हणाला. पण साहेब हसले नाहीत. त्यांनी मास्तरांकडे वळून विचारलं, पिंडर, ही मुलगी नाव लिहू शकते की नाही?

बेनेबाने डोळे मिटले. हा माणूस खोटं बोलणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. ज्या खरेपणावर भरवसा ठेवून तिने त्या पुस्तकात शनिवार लिहवून घेतला, त्याच खरेपणाने आता तिचं लेकरू जाणार होतं.  ओसरीवर एक माशी पाटीवरून चालत होती.

“नाही साहेब,” मास्तर म्हणाले. “ती माझ्या वर्गात सगळ्यात मागे आहे. यादीत मी वाढवून लिहिलं. पाट्या हव्या होत्या मला.”

साहेबांनी चष्मा काढला. म्हणजे प्रगती खोटी? खोटी, मास्तर म्हणाले. आणि तारखा? तारखाही मी कुणालाही विचारून भरल्या, मास्तर म्हणाले. साहेबांनी चॅपलचं पुस्तक मिटून बाजूला सारलं. अशा माणसाचं पुस्तक पुरावा म्हणून चालणार नाही, त्यांनी सांगितलं. मळ्याची वही मळ्यानेच ठेवलीय, ती खोटी आहे असं मळ्याला म्हणता येणार नाही. मुलगी चार ऑगस्टची. स्वतंत्र. त्यांनी मास्तरांची यादी फाडली आणि पाट्यांचा अर्ज मंडळींकडे जाणार नाही असंही सांगून टाकलं. बुशाचं तोंड पडलं, तरी पायरीवरून उतरणाऱ्या मास्तरांना त्याने म्हटलंच, की या वयात खोटं बोलून काय मिळवलंत?

 मास्तर बायकांच्या घोळक्यातून निघून गेले. बेनेबाने त्यांचा कोट धरायला हात पुढे केला होता, पण तोवर ते फाटकाबाहेर पडले होते.

घरी येताना बायका हसत होत्या, कूबा तर बुशाच्या तोंडाची नक्कल करत होती. बेनेबाने पोरीला कडेवर घेतलं, आठ वर्षांची असूनसुद्धा. तिच्या मनात एकच घोळत होतं. पोरीने दुसरं काहीतरी गिरबटायला हवं होतं, कुणाला काय कळलं असतं! तिने विचारलं, निदान जुबा तरी लिहायचंस.

“जुबा कसं लिहितात मला माहीतच नाही,” पोर म्हणाली. “मास्तरांनी शिकवलं नाही.”

सोमवारी फडातून सुटका झाल्यावर बेनेबा तिला घेऊन शाळेकडे गेली. स्वतः आत गेली नाही. ज्या पुस्तकाला तिने खोटे ओठ लावले ते आत होतं, आणि तिला त्या उंबऱ्यावर पाय टाकवेना. ती रविवारी चॅपललाही गेली नव्हती. पुढेही ती कधी गेली नाही, कूबाने किती समजावलं तरी. तिने झावळ्यांच्या आडून मास्तरांना हाक मारली आणि म्हणाली, हिला जुबा शिकवा.

मास्तर बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, की तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत. नुसतं बरं म्हणाले. एकतीस पोरं चार पाट्यांवर पाळीपाळीने लिहीत होती. मास्तरांनी एक पाटी मोकळी करून घेतली आणि वर नवं नाव लिहून दिलं, आणि पोर खाली मान घालून ते गिरवायला लागली. पहिल्या अक्षराला ती सारखी अडत होती. हात आपोआप सरळ रेघ ओढायला जायचा, मग ती तळहाताने पुसायची आणि पुन्हा.

बेनेबा बाहेरून बघत उभी राहिली. तिला अक्षर येत नव्हतं. पण ती शोधत होती, आणि पाटी भरली तरी तिला ते दोन डोंगर कुठे दिसले नाहीत.

पोरीला घेऊन घरी आल्यावर तिने भिंतीकडचा तुंबा उचलला. फोडावा म्हणून दगडापर्यंत नेला. मग मांडीवर धरून बसून राहिली, आणि कोरलेल्या खुणांवरून बोट फिरवत, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, तिने एकदाच हळू त्या नावाने हाक मारली. दारातून पोरीने लगेच ओ दिली.